काट्यावर ६२४०, स्क्रीनवर ६२

आधी तुमची अडचण माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर लगेच लक्षात येईल.

पिंपळगाव बसवंतच्या बाजूला एका कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर भुईकाटा आहे. त्याच्या इंडिकेटरला (वजन दाखवणाऱ्या डब्याला) सिरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टर जोडलाय, म्हणजे सिरियल तारेवरून येणारे आकडे नेटवर्कवर ढकलणारा डबा. काटाघरातल्या उबुंटूच्या मशीनवर तुमची पायथनची स्क्रिप्ट टीसीपी सॉकेट (कन्व्हर्टरशी नेटवर्कवरची जोडणी) उघडून बसते, आणि ऑपरेटरने ‘वजन घ्या’ बटण दाबलं की त्यातून वजन उचलते. घरी लॅपटॉपवर तुम्ही एक खोटा काटा, म्हणजे काट्यासारखे आकडे पाठवणारा प्रोग्रॅम लिहिला होता, त्याच्याशी ही स्क्रिप्ट दिवसभर बिनचूक चालली. खळ्यावर मात्र ट्रॅक्टर-ट्रॉली ६२४० किलो भरली असताना स्क्रीनवर कधी ६२ येतं, कधी ४०. मधूनच आधीच्या गाडीचं वजन नव्या गाडीला लागतं. आणि संध्याकाळी स्क्रिप्ट एकतर मुकी होते, नाहीतर मशीनचा पंखा विमानासारखा घोंघावतो. तुम्ही रिसीव्हचा, म्हणजे सॉकेटमधून वाचणाऱ्या फंक्शनचा बफर १०२४ बाइटांचा ४०९६ केला, मग ६५५३६ केला, काही फरक नाही. प्रश्न असा की पॅकेट हरवतायत का, आणि हरवत असतील तर कुठे.

पॅकेट हरवत नाहीयेत. हे मी तुमचा काटा न पाहता सांगू शकतो, कारण टीसीपीवर हरवलेला तुकडा पुन्हा मागवून घेणं हे खालच्या थराचं काम आहे आणि ते तो इमानदारीने करतो. खरी गोम तुमच्या प्रश्नातल्या ‘पॅकेट’ या शब्दातच आहे. टीसीपी सॉकेट वाचणाऱ्याला पॅकेट असं काही मिळतच नाही. मिळतो तो सलग बाइटांचा ओघ. १९८१ च्या आरएफसी ७९३ पासून (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम सांगणारा दस्तऐवज) हे असंच आहे आणि २०२२ साली त्याची जागा घेणाऱ्या ९२९३ मध्येही ते बदललेलं नाही: बाइट क्रमाने येतील, गळणार नाहीत, पण पाठवणाऱ्याने ते कितीकितीच्या घासाने पाठवले याची काहीही खूण पलीकडे पोचत नाही.

आमच्या घरी पणजोबांचे मोडीतले कागद आहेत, त्यामुळे मला हे नेहमी मोडीवरून आठवतं. मोडीत आधी कागदभर आडवी रेघ मारून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरं सलग लिहीत जात. दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही. लिहिणाऱ्याने बोरू कुठे उचलला, दौतीत कुठे बुडवला, त्यावरून शब्द तुटत नाही. तो वाचणाऱ्याने फोडायचा. टीसीपीचं तेच. कन्व्हर्टरने बोरू कुठे उचलला यावर तुमची स्क्रिप्ट शब्द तोडतेय.

आता तुमच्याच काट्याकडे बघू. तुम्ही दिलंय त्याप्रमाणे इंडिकेटर दर वजनाला एक चिन्ह, सहा आकडे आणि ओळ संपल्याची दोन अक्षरं, सीआर आणि एलएफ, असे ९ बाइट पाठवतो. सिरियलचा वेग सेकंदाला ९६०० बिट. आठ बिट डेटा, एक सुरुवातीचा आणि एक शेवटचा, म्हणजे एका अक्षराला १० बिट. सेकंदाला ९६० अक्षरं, एका अक्षराला साधारण एक मिलिसेकंद, आणि पूर्ण वजन तारेवरून उतरायला सव्वानऊ-साडेनऊ मिलिसेकंद. संगणकाच्या हिशोबात हा फार मोठा काळ आहे. कन्व्हर्टरला वजन म्हणजे काय ते माहीत नाही. त्याच्या पोटात जेवढी अक्षरं जमली तेवढी तो आपल्या सेटिंगप्रमाणे, ठरावीक वेळ झाला किंवा ठरावीक संख्या भरली की, नेटवर्कवर ढकलतो. तेव्हा एखादं वजन अर्धंच उतरलेलं असू शकतं.

ओळ संपल्याची खूण मी ↵ अशी दाखवतो. समजा तुमच्या तीन रिसीव्हना लागोपाठ हे मिळालं:

पहिला: +००६२
दुसरा: ४०↵+००
तिसरा: ६२४०↵+००६२४०↵

बाइट मोजा. ५, ७ आणि १५, एकूण २७. तीन वजनं गुणिले नऊ, बरोबर २७. एकही बाइट हरवला नाही, क्रमही चुकला नाही. आता तुमचा कोड यावर चालवा. तुम्ही आलेल्या माळेचे ओळींवर तुकडे करता आणि पहिला तुकडा अक्षरांचा आकडा करणाऱ्या इंट फंक्शनला देता. पहिल्या खेपेला ‘+००६२’, उत्तर ६२. दुसऱ्या खेपेला ‘४०’, उत्तर ४०. तिसऱ्या खेपेला ‘६२४०’, उत्तर बरोबर, पण निव्वळ नशिबाने. तुम्हाला ‘बहुतेक वेळा चालतं’ असं वाटत होतं त्यातले कितीतरी वेळा या तिसऱ्या प्रकारचे असणार.

यात पायथनचा भोळेपणाही आड येतो. कोडमध्ये ००६२ असा आकडा लिहिला तर पायथन ३ तक्रार करतो, पण तीच अक्षरमाळा इंटला दिली की मुकाट्याने ६२ देतो. पुढे अधिक चिन्ह चालतं, आजूबाजूची मोकळी जागा चालते, शेवटी सीआर-एलएफ असलं तरी चालतं. इतकंच काय, ‘६२४०’ असे देवनागरी आकडे दिले तरी तो बरोबर वाचतो. विश्वास बसत नसेल तर करून पाहा. अशा उदार माणसाच्या हाती अर्धवट वजन दिलं तर तो एरर देणार नाही, बासष्ट किलोचा ट्रॅक्टर देईल.

मग घरी का चाललं? तुमचा खोटा काटा ९ बाइट एका झटक्यात पाठवत होता आणि मग एक सेकंद झोपत होता. एकाच मशीनवर, मधे सिरियल तार नाही, कन्व्हर्टर नाही. तेवढ्या सेकंदात तुमची वाचणारी बाजू आरामात ९ बाइट उचलून पुढच्याची वाट बघत बसायची. पाठवलेलं आणि मिळालेलं प्रत्येक वेळी जुळलं, आणि तुमचा ग्रह झाला की एक सेंड म्हणजे एक रिसीव्ह. ती हमी कोणीच दिली नव्हती. ही चूक मी सातपूरला नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच वर्षी केली, आणि माझ्या हाताखाली आलेल्या जवळपास प्रत्येक पोराने केली आहे.

बफर वाढवून फरक का पडला नाही तेही इथेच सांगून टाकतो. रिसीव्हला दिलेला आकडा म्हणजे ‘जास्तीत जास्त एवढे दे’. ‘एवढे जमेपर्यंत थांब’ असा त्याचा अर्थ नाही. पाच बाइट आले असतील तर पाच देऊन तो मोकळा होतो.

आता औषध. रिसीव्हने जे दिलं ते वजन आहे असं समजायचं नाही, तो कच्चा माल आहे. एक रिकामी बाइट-माळ ठेवा, जी एका रिसीव्हपासून दुसऱ्यापर्यंत जिवंत राहील. प्रत्येक वेळी जे आलं ते तिच्या शेपटीला जोडा. मग जोवर तिच्यात एलएफ सापडतोय तोवर त्याच्यापर्यंतचा भाग कापून बाहेर काढा. ती झाली एक पूर्ण ओळ. उरलेली शेपटी तशीच ठेवा. इथे ‘जोवर’ म्हणजे व्हाइल. लोक इफ लिहितात, आणि मग एका रिसीव्हमध्ये तीन ओळी आल्या की दोन मागे राहतात आणि हळूहळू साचत जातात. दुसरी चूक म्हणजे लूपच्या प्रत्येक फेरीत माळ पुन्हा रिकामी करणं. म्हणजे केलेलं सगळं पाण्यात.

पूर्ण ओळ हातात आली तरी लगेच इंटकडे धावू नका. जोडणी झाली त्या क्षणी इंडिकेटर वजनाच्या मधोमध असू शकतो, त्यामुळे जोडणीनंतरची पहिली ओळ ‘२४०’ अशी शेपूटच असू शकते, आणि ती दिसायला अगदी साळसूद असते. म्हणून पहिली ओळ डोळे मिटून फेका. पुढच्या प्रत्येक ओळीला तपासा: सीआर काढल्यावर लांबी बरोबर ७ आहे का, पहिलं अक्षर अधिक किंवा उणे आहे का, उरलेली सहा आकडेच आहेत का. नसेल तर ओळ टाकून द्या आणि लॉगमध्ये नोंद करा. सेकंदाला दहा वजनं येतायत, एक गेलं तर काही बिघडत नाही. खोटं आलं तर शेतकऱ्याच्या पैशाचं बिघडतं. वैधमापनवाल्यांचा शिक्का काट्यावर असतो, तुमच्या स्क्रिप्टवर नसतो.

कोणीतरी तुम्हाला सुचवेल की दर वेळी मोजून ९ बाइट वाचा, भानगडच नको. लांबी पक्की असते तिथे ही रीत चुकीची नाही, पण काट्यावर मला ती आवडत नाही. एकदा मधूनच सुरुवात झाली की तुम्ही जन्मभर तीन अक्षरं पुढे राहता, आणि स्वतःहून ताळ्यावर यायचा मार्ग उरत नाही. ओळीची खूण शोधणारा मात्र पुढच्याच ओळीला सावरतो. कोणी म्हणेल रिसीव्हच्या आधी अर्धा सेकंद झोप घाला. त्याने फक्त चूक कमी वेळा दिसेल, जे अजून वाईट. आणि कोणी नेगलचा अल्गोरिदम बंद करायला सांगेल. तो लहान लहान तुकडे एकत्र करून पाठवण्यासाठी आहे, १९८४ च्या आरएफसी ८९६ मधला, आणि तो पाठवणाऱ्याच्या बाजूला असतो. तुम्ही तर इथे काहीच पाठवत नाही.

आता मागच्या गाडीचं वजन नव्या गाडीला लागण्याबद्दल. तुम्ही ते तिसऱ्या नंबरला, जाता जाता लिहिलंय. मी ते पहिल्या नंबरला ठेवलं असतं. बासष्ट किलोचा ट्रॅक्टर आला तर ऑपरेटर हसेल आणि पुन्हा बटण दाबेल. मागच्या गाडीचे ६२४० या गाडीला लागले तर कोणालाच कळणार नाही, कारण आकडा अगदी पटण्यासारखा असतो.

हे का होतं ते बघा. तुम्ही सॉकेट सकाळी उघडता, पण वाचता फक्त बटण दाबल्यावर. इंडिकेटरला तुमच्या बटणाशी देणंघेणं नाही, तो सेकंदाला दहा वजनं ओतत राहतो. ती जातात कुठे? ऑपरेटिंग सिस्टमच्या रिसीव्ह बफरमध्ये, रांगेत. सेकंदाला ९० बाइट. दोन गाड्यांमध्ये दहा मिनिटं गेली तर ५४,००० बाइट, म्हणजे सहा हजार वजनं. नव्या गाडीला तुम्ही बटण दाबता तेव्हा रांगेच्या तोंडाशी दहा मिनिटांपूर्वीचं वजन उभं असतं. दहा मिनिटांपूर्वी प्लॅटफॉर्मवर कोण होतं? मागची गाडी, नुकतीच वजन करून अजून खाली उतरायची होती ती. तुमचा कोड पहिली ओळ घेतो. म्हणून तुम्ही बफर ६५५३६ केला तरी उपयोग झाला नाही: सगळी रांग हातात आली, आणि तुम्ही तिच्यातला सगळ्यात शिळा दाणा उचललात. शिवाय १०२४ ला काय किंवा ६५५३६ ला काय, ९ ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे एका बटणाचं वाचन जिथे तुटलं तिथून पुढच्या बटणाचं सुरू होतं, आणि पुन्हा ‘४०’.

यावर माझा नेहमीचा उपाय असा. वाचणं आणि वापरणं वेगळं करा. एक थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅमचा स्वतंत्र चालणारा धागा, फक्त वाचण्यासाठी ठेवा, जो कधी थांबत नाही. आलेलं जोडतो, ओळी कापतो, तपासतो, आणि ‘ताजं वजन’ म्हणून शेवटची चांगली ओळ ठेवतो, सोबत ती कधी आली ती वेळ. वजन आणि वेळ एकाच टपलमध्ये बांधून ठेवा, दोन वेगळ्या व्हेरिएबलमध्ये नको, नाहीतर एखाद्या दिवशी जुनं वजन आणि नवी वेळ अशी जोडी हाती लागेल. वेळेसाठी मोनोटॉनिक, म्हणजे कधी मागे न जाणारं घड्याळ वापरा. भिंतीवरचं घड्याळ नेटवर्कवरून जुळवलं गेलं की पुढेमागे उडी मारतं. बटण दाबल्यावर रिसीव्ह करायचंच नाही. ताजं वजन बघायचं, ते एक सेकंदापेक्षा जुनं असेल तर पावती न काढता ‘काट्याकडून वजन येत नाही’ असं लाल अक्षरात दाखवायचं.

त्यातही एक पोटभाग आहे. ट्रॉलीचं मागचं चाक अजून प्लॅटफॉर्मवर चढतंय तेव्हाही वजन येतच असतं, आणि ते ताजंच असतं. काही इंडिकेटर वजन स्थिर झालं की एक अक्षर वेगळं पाठवतात. तुमच्या नऊ बाइटांत ते दिसत नाही. मग सलग पाच-सहा ओळी सारख्या आल्या तरच बटण चालू करायचं. हे तुमच्या प्रश्नात नव्हतं, पण पुढच्या आठवड्यात असतं.

इंडिकेटरला ‘मागितल्यावरच पाठव’ अशी सेटिंग असेल तर हा सगळा व्याप कमी होतो: तुम्ही एक अक्षर पाठवता, तो एक वजन देतो. पण हे इंडिकेटरच्या मेकवर अवलंबून आहे, आणि कन्व्हर्टरमधून उलट दिशेची तार जोडलेली आहे की नाही यावरही. बऱ्याच ठिकाणी पैसे वाचवायला दोनच तारा ओढलेल्या मी पाहिल्या आहेत. खळ्यावर जाल तेव्हा कनेक्टर उघडून बघा.

संध्याकाळचा प्रकार खरं तर दोन वेगळे रोग आहेत. पंखा घोंघावतो तो पहिला. समोरच्याने जोडणी रीतसर बंद केली की रिसीव्ह रिकामी बाइट-माळ देतो. ती एरर नाही, ‘आता काही येणार नाही’ असा निरोप आहे. बऱ्याच कन्व्हर्टरना ठरावीक वेळ सिरियलवर हालचाल नसेल तर जोडणी बंद करण्याची सेटिंग असते. संध्याकाळी इंडिकेटर बंद केला की थोड्या वेळाने ती लागू होते. तुमचा लूप म्हणतो ‘वजन मिळेपर्यंत रिसीव्ह करत राहा’, आणि मधे ट्राय-एक्सेप्ट-पास आहे, म्हणजे ‘एरर आली तर सोडून दे’. रिकाम्या माळेत पहिली ओळ नसते, एरर येते, पास तिला गिळतो, लूप पुन्हा रिसीव्ह करतो, पुन्हा रिकामी माळ. सेकंदाला लाखो वेळा. प्रोसेसर शंभर टक्के. तो पास आजच काढा. तुमच्या निम्म्या समस्या तुम्हाला पहिल्याच दिवशी कळल्या असत्या, त्याने त्या सतरंजीखाली सरकवल्या. रिकामी माळ आली की सॉकेट बंद करायचं, दोन-तीन सेकंद थांबायचं आणि नव्याने जोडायचं. जोडताना कच्ची माळही रिकामी करायला विसरू नका, नाहीतर कालची शेपटी आजच्या डोक्याला चिकटते.

मुकी होण्याचं कारण उलटं आहे. काटाघराचा मेन स्विच बंद झाला, किंवा लाइट गेली, की कन्व्हर्टर निरोप न घेताच जातो. तुमचं मशीन इन्व्हर्टरवर असतं म्हणून जिवंत राहतं, आणि त्याच्या दृष्टीने जोडणी अजून शाबूत आहे. तुम्ही काही पाठवत नाही, त्यामुळे पलीकडे कोणी नाही हे कळायला त्याला निमित्तच मिळत नाही. रिसीव्ह बसून राहतो. सकाळी लाइट आली तरी बसूनच राहतो, कारण नवा जागा झालेला कन्व्हर्टर या जुन्या जोडणीला ओळखत नाही. कीपअलाइव्ह (पलीकडे कोणी आहे का, अशी अधूनमधून विचारपूस करणारी सोय) चालू करा असं ऐकाल. तो मुळात बंद असतो, आणि नुसता चालू केला तर लिनक्सवर पहिली विचारपूस ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते. वेळा कमी करता येतात, पण तुमच्याकडे सोपा मार्ग आहे: दर सेकंदाला दहा वजनं येणारी लाइन पाच सेकंद गप्प असेल तर ती मेली आहे. सॉकेटला पाच सेकंदांचा टाइमआउट लावा आणि तो आला की जोडणी तोडून नव्याने करा. पायथन ३.१० पासून सॉकेटचा टाइमआउट म्हणजे नेहमीचीच टाइमआउट-एरर आहे, त्याआधी तिचं नाव वेगळं होतं. उबुंटू जुना असेल तर तेवढं पाहून घ्या.

सॉकेटची फाइल बनवून रीडलाइनने ओळी वाचणं हा छोटा रस्ता आहे, आणि साध्या कामाला मीही तो वापरतो. पण टाइमआउटसोबत तो जमत नाही. एकदा टाइमआउट झाला की त्या फाइलच्या पोटातला बफर भरवशाचा राहत नाही, आणि पुढचं वाचन पायथन साफ नाकारतो. इथे जोडणी नव्याने करणारच आहात, तर फाइलही नवी करा. किंवा वर सांगितलं तसं स्वतः जोडा-कापा. दहा-बारा ओळींचं काम आहे.

पुन्हा जोडताना आणखी एक ठेच लागू शकते. बरेच स्वस्त कन्व्हर्टर एका वेळी एकच जोडणी घेतात. तुमची जुनी जोडणी त्याच्या हिशोबात जिवंत असेल तर नवीला तो दारातच उभं करतो. आणि तुम्ही तपासायला म्हणून लॅपटॉपवरून दुसरी स्क्रिप्ट चालवलीत तर ऑपरेटरची बंद पडते किंवा तुमची जोडलीच जात नाही. हे माहीत नसलं की माणूस दुपारभर केबल बदलत बसतो.

हे सगळं मी तुमची जोडणी टीसीपी आहे असं धरून सांगितलं. कन्व्हर्टर यूडीपीवर, म्हणजे पोचण्याची हमी न देणाऱ्या दुसऱ्या पद्धतीवर ठेवला असेल तर चित्र बदलतं. तिथे पाठवलेला तुकडा तसाच्या तसा एक तुकडा म्हणून येतो, पण हरवू शकतो, मागेपुढे होऊ शकतो, आणि दिलेल्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर लिनक्सवर उरलेला भाग गुपचूप फेकला जातो. विंडोजवर निदान १००४० नंबरची एरर तरी येते. आणि यूडीपीतही कन्व्हर्टरने तुकडा वजनाच्या मधेच कापलेला असू शकतो. त्यामुळे काट्याला टीसीपीच ठेवा.

बदल करण्याआधी तासभर नुसतं बघा. प्रत्येक रिसीव्हनंतर वेळ, लांबी आणि आलेल्या बाइटांचं ‘रेप्र’ (पायथनचं, न दिसणाऱ्या खुणाही दाखवणारं रूप) एका फाइलमध्ये लिहा. साधं प्रिंट नको, आणि याला कारण आहे. सीआर टर्मिनलवर छापला की कर्सर ओळीच्या सुरुवातीला जातो आणि पुढचं मागच्यावर छापलं जातं. मी एकदा अंबडच्या एका कारखान्यात अर्धा दिवस ‘हरवलेला’ डेटा शोधत होतो. तो हरवला नव्हता, माझ्याच स्क्रीनवर एकावर एक छापला जात होता. रेप्र सगळं उघडं करून दाखवतो. नेटवर्कवरची वाहतूक दाखवणारा वायरशार्क लावायचा तर लावा, पण त्यातले तुकडेही शेवटचा शब्द समजू नका. नेटवर्क कार्ड आणि कर्नल तुकडे एकत्र करून वर देतात, त्यामुळे इथरनेटच्या १५०० बाइटांच्या मर्यादेपेक्षा मोठी ‘पॅकेट’ दिसली तर घाबरू नका. त्यात बाइट बघा, सीमा नाही.

पावतीवर शेतकऱ्याचं नाव मराठीत येणार असं तुम्ही लिहिलंय, आणि ते दुसऱ्या सर्व्हरवरून याच पद्धतीने आणणार. तेव्हा ही माझी चूक तुम्ही करू नका. ‘नाशिक’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत मांडायची पद्धत) १५ बाइटांचा आहे: न, काना, श, पहिली वेलांटी, क, प्रत्येकी तीन. रिसीव्हने तुकडा कुठेही तोडला तर अक्षराचे तीन बाइट दोन आणि एक असे विभागले जातात. सलग देवनागरीचे १०२४ बाइट घेतले तर त्यात ३४१ अक्षरं बसतात आणि एक बाइट अनाथ उरतो. मी प्रत्येक तुकडा आला तसा डिकोड करत होतो, म्हणजे बाइटांची अक्षरं करत होतो, अधूनमधून एरर यायची, म्हणून मी शहाणपणा करून ‘चुका दुर्लक्षित करा’ हा पर्याय दिला. एरर थांबल्या. दोन महिन्यांनी एका शेतकऱ्याने पावती हातात धरून विचारलं, हे ‘शंदे’ कोण? वेलांटीचे बाइट दोन तुकड्यांत गेले होते आणि माझ्या कोडने ते दोन्हीकडून टाकून दिले होते. आधी बाइटांवरच संदेश पूर्ण कापायचा, मग डिकोड करायचं. हा क्रम उलटा करू नका. एलएफ शोधणं बाइटांवर निर्धास्त करता येतं, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरी अक्षराच्या पोटात तो बाइट कधीच येत नाही.

शेवटी तो खोटा काटा. तो फेकू नका, त्याला वाईट वागायला शिकवा. ९ बाइट एकदम पाठवण्याऐवजी कधी एकेक बाइट पाठवू दे, कधी अडीच वजनं एकत्र. सुरुवात मुद्दाम वजनाच्या मधून करू दे. मधेच पाच मिनिटं गप्प बसू दे. कधी जोडणी रीतसर बंद करू दे. लाइट जाण्याचा प्रयोग मात्र एकाच लॅपटॉपवर होत नाही, कारण प्रोग्रॅम मारला तरी सिस्टम त्याच्या वतीने जोडणी बंद करते. त्यासाठी दुसरं मशीन घ्या आणि केबल उपटा. या काट्यावर रात्रभर तुमची नवी स्क्रिप्ट चालू द्या आणि सकाळी लॉगमध्ये ६२४० सोडून दुसरं एकही वजन स्वीकारलेलं नाही ना ते बघा.

मगच खळ्यावर जा, आणि शक्यतो लिलावाच्या गर्दीच्या वेळी नको. तिथे इंडिकेटरचं मॅन्युअल मागून घ्या. बहुधा ते काटाघराच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, जुन्या पावत्यांच्या गठ्ठ्याखाली सापडतं. त्यात सिरियल आउटपुटचं पान असतं, त्याचा फोटो काढा. तुम्ही सांगितलेले नऊ बाइट खरंच नऊ आहेत की पुढे एखादं एसटीएक्स (सुरुवातीची न दिसणारी खूण) लपलंय, ते त्या पानावरून कळेल. आणि ते निघालं तर लांबीची तपासणी सातऐवजी आठची करायची आणि अधिक-उणे चिन्ह पहिल्याऐवजी दुसऱ्या अक्षरात बघायचं, एवढाच फरक.